सेऊ आन्सेल्मोंच्या तांबड्या फिती

वडील गेल्यावर सातव्या दिवशी चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेच्या, प्रार्थनाविधीच्या, आदल्या सकाळी मुरिलो घरभर फिरून त्यांनी बांधलेल्या फिती काढायला लागला, तेव्हा सगळे रडले. जुसारा तेवढी रडली नाही. लेकीला, तेकाला, कडेवर घेऊन ती नवऱ्याच्या मागोमाग फिरत राहिली आणि तो कुठली फीत कुठून सोडवतोय, ते बघत राहिली.

विमानांचा कारखाना असलेल्या साओ जोसेत वाढलेल्या पोराला तांबडी फीत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. विमान जमिनीवर उभं असलं की त्याच्या नाकातोंडाला बुचं बसवतात, चाकांत खिळी घालतात, आणि अशा प्रत्येक जागी हातभर लांबीची तांबडी फीत लोंबती सोडतात. फितीवर पांढरी अक्षरं असतात, ‘उड्डाणापूर्वी काढा’. मुरिलोच्या वडिलांनी, सेऊ म्हणजे श्रीयुत आन्सेल्मोंनी, विमानांचे पंख आखण्यात जन्म घालवला होता. निवृत्त होताना लोकांनी त्यांना घड्याळ दिलं, ते त्यांनी कुठेतरी ठेवून दिलं. पण विटलेल्या फितींचं एक बोचकं मात्र मागून घेऊन घरी आणलं. गेल्या दोनेक वर्षांत त्यातली एकेक फीत घरात कुठेकुठे जाऊन बसली होती. कुणी पाहुणा आला की हसायचा. सेऊ आन्सेल्मो म्हणायचे, “हसा. माझं घर अजून उडालं नाही, हे तरी खरं ना?”

“पापाय उडाले,” इस्त्रीच्या वायरीची फीत सोडवताना मुरिलो म्हणाला आणि ती मुठीत गुंडाळत राहिला.

“सगळ्या माझ्याकडे दे,” एलोइझा म्हणाली. मुरिलोची ही थोरली बहीण अंत्यविधीला रेसिफेहून आली होती आणि मिस्सेनंतर वडिलांबद्दल चार शब्द बोलायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. “उद्या फुलांच्या परडीला बांधते. चर्चमधले अर्धे लोक कारखान्यातलेच असतील, त्यांना न सांगता कळेल.”

कल्पना चांगलीच होती. कुणालाही आवडावी अशी होती. जुसाराला मात्र त्या फितींच्या जागा खुपायला लागल्या. इस्त्रीची वायर. न्हाणीघरातल्या गरम पाण्याचा खटका. मागच्या अंगणाचं फाटक. पाण्याच्या टाकीचं झाकण. औषधांचं कपाट. आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली गॅसच्या सिलिंडरची चावी. तिथे एक नव्हती, दोन होत्या.

दोन कशाला?

फोटोच्या चौकटीला नाही, पुस्तकाच्या कपाटाला नाही, झाडाला नाही. जिथे चूक झाली तर माणूस भाजेल, बुडेल, नाहीतर रस्त्यावर जाईल, तिथेच. हौसेनं बांधणारा माणूस अशा जागा निवडत नाही. अशा जागा निवडतो तो, ज्याला स्वतःचा भरवसा उरलेला नाही. मार्चपासून रोज सकाळी शाळेत शिकवायला जाताना ती तेकाला याच घरात, याच माणसाच्या हातात देऊन जात होती.

आणि आता सोमवारी सुट्टी संपत होती. सोमवारपासून तेका इथे एकट्या आजीपाशी राहणार, हे जुसाराला न विचारताच ठरल्यासारखं झालं होतं. “मला तेवढाच विरंगुळा,” असं दोना दाल्वा, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या होत्या. नुकत्याच विधवा झालेल्या सासूला त्यावर काय बोलणार?

मूल झाल्यापासून जुसारा अशीच झाली होती. झोपलेल्या तेकाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, दुसऱ्यानं उकळलेलं पाणी पुन्हा उकळायची. मुरिलो तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचा. पहिल्या पहिल्यांदा ती हसायची.

मे महिन्यातली एक दुपार तिला आता राहून राहून आठवत होती. तिकडे मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. ती शाळेतून आली तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि घराची दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. सेऊ आन्सेल्मो अंगणात, तेकाला स्वतःच्या कोटात गुंडाळून उभे. दोना दाल्वा पायरीवर बसलेल्या. हात मांडीत, मान खाली.

“पाव करपला,” ते म्हणाले होते. “धूर काढून टाकतोय.”

धुराचा वास नव्हता. दुसराच कसलातरी होता. पण ते इतके शांत हसले होते, की जुसाराला विचारायचीच लाज वाटली. आता त्या लाजेचा तिला राग येत होता.

न्याहारीनंतर सगळे टेबलाशी बसले. मक्याच्या पिठाचा केक शेजारणीनं पाठवलेला होता, कॉफी एलोइझानं केली होती. भाषणात काय काय घालायचं, याच्या आठवणी निघाल्या.

“ज्या विमानाचा पंख त्यांनी आखला ते पहिल्यांदा उडालं, त्या दिवशी पापाय तिथे नव्हतेच, हे घाल,” मुरिलो म्हणाला. “मला कांजिण्या आल्या होत्या. बडे बडे साहेब आले, बँड वाजला, आणि हे घरी माझ्या पाठीला पावडर लावत बसलेले.”

“विमान छपरावरून गेलं तेव्हा मी ओरडले होते,” दोना दाल्वा म्हणाल्या. “म्हटलं, अरे, तुझं विमान! तर म्हणाला, दिसलं, डावीकडे जरा कलतंय. आणि पुन्हा पावडर.”

सगळे हसले. दोना दाल्वांना जुनं कसं लख्ख आठवत होतं.

“आणि म्हातारपणी प्रेम कसं उतू गेलं तेही घालते,” एलोइझा डोळे पुसत म्हणाली. “दोन वर्षं झाली, मामायला सोडून पापाय कोपऱ्यावर पावालासुद्धा गेले नाहीत. न्हाव्याकडे जोडीनं. बाजारात जोडीनं. उभ्या जन्मात कधी पातेलं धरलं नव्हतं, तो माणूस रोज स्वतः घेवडा शिजवायला लागला.”

“लग्नाच्या वाढदिवसाला कांपिनासला घेऊन गेले, ते विसरलीस,” मुरिलो म्हणाला. “लोक समुद्रावर जातात. हा माणूस बायकोला कांपिनासला नेतो! तिथे काय बघितलंत गं मामाय? बसस्टँड?”

दोना दाल्वा केकचा तुकडा बोटांनी चुरत बसल्या होत्या.

“गुरुवारचे पत्ते का सोडले त्यांनी?” जुसारानं विचारलं.

तिला साधाच विचारायचा होता तो प्रश्न, पण आवाज धारदार निघाला. एलोइझानं मान वर केली. “म्हणजे?”

“सेऊ ओतासीलियोंच्या घरी दर गुरुवारी डाव असायचा. पावसापाण्यात चुकवत नसत. मग एकदम का सोडला?”

“कॉफी आणते,” म्हणत दोना दाल्वा उठल्या. कॉफीचं भांडं टेबलावरच होतं, निम्मं भरलेलं. त्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

यांना ठाऊक आहे, जुसाराच्या मनात आलं. नवऱ्याचं डोकं जायला लागलं होतं, हे या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी रोज सकाळी दारात उभी राहून ही माझी पोर हसत हसत आत घेत होती.

तिनं मुरिलोला अंगणात गाठलं.

“तुझ्या वडिलांना विसर पडायला लागला होता.”

“काय?”

“फिती बघ कुठे होत्या. पत्ते सोडले, कारण डाव लक्षात राहिना. एकटे बाहेर पडेनात, कारण घर सापडणार नाही. आणि तुझ्या आईनं ते माझ्यापासून लपवलं.”

मुरिलोनं बहीण ऐकत नाही ना, ते आधी पाहिलं. “सातवा दिवस तरी होऊ दे गं. दुसऱ्यांच्या घरात माणूस गेलं की बायका रडतात. माझ्या घरात चौकशी बसते.”

“माझी मुलगी होती इथे. रोज.”

“तुझीच आहे वाटतं? मी काय नुसता गाडी चालवायला?” तो वळला. मग पुन्हा वळून म्हणाला, “माझा बाप वेडा होता असं उद्या चर्चमध्ये म्हणू नकोस, एवढे उपकार कर.” आणि एलोइझाला हाक मारून, फितींची पिशवी घेऊन, तो फुलवाल्याकडे निघून गेला.

जुसारा तिथेच उभी राहिली. आपण खरंच वाईट आहोत का, हा प्रश्न तिला पडलाच. ज्या माणसानं तिच्या तेकासाठी पाळण्याचा कठडा तीनदा मोडून पुन्हा केला, का, तर फटीतून पोरीचं डोकं जाईल म्हणून, त्याच्यावर ती आठवड्याच्या आत हे किटाळ आणत होती. पण प्रश्न पडला म्हणून संशय जात नाही. तो आपला दाताखालच्या खड्यासारखा राहतोच.

अकराच्या सुमाराला सेऊ ओतासीलियो संत्र्यांची पिशवी घेऊन आले. आन्सेल्मोंच्या बरोबरीचे हे इंजिनिअर. एकाच टेबलावर दोघांनी पंख आखले होते. सासूबाई स्वयंपाकघरात तेकाला उंच खुर्चीत बसवून केळं भरवत होत्या. जुसारानं म्हाताऱ्यांना ओसरीवरच बसवलं. तिला एकटीला विचारायचं होतं.

“सेऊ ओतासीलियो, खरं सांगा. पत्ते खेळताना ते चुकायला लागले होते का?”

“कोण? आन्सेल्मो?” म्हातारा हसत सुटला. “पोरी, तो चुकला असता तर आम्ही दोन डाव तरी जिंकलो असतो! समोरच्याच्या हातातली पानं पाठ असायची त्याला. अगं, गेल्याच महिन्यात मी नातवाच्या गणितात अडकलो. ह्याला फोन केला. तिकडे ह्याच्या कुकरची शिट्टी वाजत होती, आणि ह्यानं बसल्या बसल्या तोंडी सोडवून दिलं. वर म्हणतो, ओतासीलियो, तुला पदवी कुणी दिली रे, जरा त्याचा पत्ता दे.”

“मग डाव का सोडला?”

“दाल्वाला एकटी सोडवत नाही म्हणाला. आम्ही काय सोडतो? बायकोच्या घागऱ्याला शिवलेला म्हणून चारचौघांत चिडवायचो. तो आपला हसायचा. वाढवून सांगायचा उलट.” त्यांनी रुमालानं नाक पुसलं. “त्याला काही विसर-बिसर नव्हता, पोरी. कुणी घातलं हे तुझ्या डोक्यात?”

“घरभर फिती बांधल्या होत्या त्यांनी. आठवण राहावी म्हणून.”

“बांधणाऱ्याला कसली आठवण करून द्यायची? त्याला तर ठाऊकच असतं खीळ कुठे आहे ते. फीत बांधतात दुसऱ्यासाठी. जो येऊन यंत्राला हात घालणार असतो, त्याच्यासाठी.” त्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं. “दिसत नाहीत त्या कुठे.”

“मुरिलोनं काढल्या. सकाळी. मिस्सेसाठी.”

“सगळ्या?” म्हातारा ओल्या डोळ्यांनी हसला. “आमच्याकडे बांधणाऱ्याला न विचारता फीत काढली तर नोकरी जायची, सांग त्याला.”

दुसऱ्यासाठी. जुसाराच्या कानात तो शब्द पडला आणि पुढचं वाक्य तिला ऐकूच आलं नाही. घरात दुसरं होतं कोण?

ती उठली, तेव्हा तिची खुर्ची आडवी झाली. स्वयंपाकघरापर्यंतची ती लहानशी वाट संपता संपेना. दारातच वासानं तिला गाठलं. मे महिन्यातला तोच वास. शेगडीची कळ पूर्ण फिरवलेली, ज्योत नाही, वर घेवड्याचा कुकर गार, आणि फस्स असा बारीक आवाज. तेका उंच खुर्चीत बसून केळं गालाला फासत होती. आईला बघून ती हसली.

जुसारानं कळ बंद केली, ओट्याखाली वाकून चावी बंद केली, पोरीला खुर्चीतून ओढून काढलं, खिडकी उघडली, मागचं दार उघडायला गेली तर ते उघडंच होतं. सेऊ ओतासीलियो हातात संत्री घेऊन दारात आले, त्यांना तिनं ओरडून बाहेर घालवलं. मग तेकाला छातीशी दाबून ती अंगणात आली.

दोना दाल्वा भाजीच्या वाफ्यापाशी उभ्या होत्या. हातात पालेभाजीचं एक पान. त्या पानाकडे बघत होत्या, जणू ते कुणीतरी आत्ताच त्यांच्या हातात ठेवलं होतं. फाटक मोकळं होतं, रस्त्यावर गाड्या जात होत्या.

त्यांनी उघडी खिडकी पाहिली, सुनेचा चेहरा पाहिला. मग फार हळू विचारलं, “परत झालं का माझ्या हातून?”

जुसारानं आधी जाऊन फाटकाची कडी लावली.

“काडेपेटी आणायला आले होते,” दोना दाल्वा म्हणाल्या. “आधी फीत असायची ना. हात तिला लागला की मी थांबायची. आन्सेल्मो म्हणायचा, फीत लागली की मला हाक मार. मी हाक मारायची.” त्या वाफ्याच्या विटेवर बसल्या. “कांपिनासला डॉक्टरकडे नेलं होतं त्यानं मला. इथे कुणी ओळखीचं भेटेल म्हणून लांब.”

“आणि तुम्ही माझी मुलगी घ्यायच्या! रोज!”

“तो तिला माझ्यापाशी क्षणभर सोडायचा नाही, पोरी. न्हाणीघरात जातानासुद्धा बरोबर घेऊन जायचा. दार लावून आतून गाणी म्हणायचा तिला. मी बाहेरून भांडायची, अरे, माझ्याकडे दे की थोडी. तर म्हणायचा, तू ऊन खा.”

जुसाराला रडू आलं ते आत्ता. आठवडाभर आलं नव्हतं. या घरात तिच्याइतकाच डोळ्यांत तेल घालून जागणारा एक माणूस होता आणि तिनं संशय घेतला तो नेमका त्याचाच. लोकांनी त्याला हेकट म्हटलं, बायकोवेडा म्हटलं, फितींना हसले, आणि त्यानं दाल्वांवर यायचं ते सगळं हसून स्वतःच्या नावावर लावून घेतलं. पण रडता रडता रागही येत होता. तुम्ही मला सांगायला हवं होतं, सेऊ आन्सेल्मो. सगळ्यांपासून लपवलंत ते लपवलंत. माझ्यापासून नको होतं. तुम्हाला काही झालं तर पुढे काय, एवढा साधा हिशेब तुमच्यासारख्या माणसाला सुटला नाही?

“मुरिलोला सांगू नकोस,” दोना दाल्वा म्हणाल्या. “एलोइझा मला कुठल्यातरी आश्रमात टाकेल. आन्सेल्मोनं नाही सांगितलं कुणाला. तूही नको. मी जपेन. सोमवारी तेकाला आण, मी नुसती बसून राहीन, शेगडीकडे जाणारच नाही. नाहीतर ह्या घरात मी काय करू?”

जुसारानं ‘बरं’ म्हणून टाकलं असतं. ते म्हणणं सोपं होतं. उद्याची मिस्सा शांतपणे पार पडली असती. सोमवारी तिनं काहीतरी सबब सांगून तेकाला पाळणाघरात घातलं असतं, आणि सासूबाई या घरात एकट्या राहिल्या असत्या, शेगडी आणि फाटक यांच्या मध्ये.

“मी सांगणार,” ती म्हणाली. “तुमच्या समोर सांगेन. मागून नाही.”

मुरिलो आणि एलोइझा परडी घेऊन आले तेव्हा सेऊ ओतासीलियो निघून गेले होते. घराची दारं-खिडक्या अजून उघडी होती. एलोइझानं शालीत अंग चोरलं. “कुणी एवढं घर गार करून ठेवलंय?”

जुसारानं सांगितलं. तेका कडेवर, एका दमात, वाटेत कुठे थांबली नाही.

“सकाळी पापाय,” मुरिलो म्हणाला, “आणि आता मामाय. उद्या माझी पाळी का?”

“तुला कुणीतरी हवंच असतं गं,” एलोइझाचा आवाज चढला. “बाप गेलाय आमचा! आई दुःखात आहे. एकदा गॅस उघडा राहिला तर लगेच—”

“एकदा नाही,” दोना दाल्वा म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. हातातलं पान अजून हातातच होतं.

“ती खोटं बोलत नाही. बस, मुरिलो. तू पण बस. तुमच्या बापानं माझ्यावर दोन वर्षं पांघरूण धरून ठेवलं होतं. सांगते.” आणि त्या सांगायला लागल्या. मध्येच थांबल्या, धागा सुटला, काय म्हणत होते मी, असं त्यांनी जुसाराकडे बघून विचारलं. कांपिनास, जुसारानं सांगितलं. हो, कांपिनास.

मुरिलोनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वरून एक विमान गेलं आणि सवयीनं सगळ्यांनी माना वर केल्या, छत असूनही.

“सोमवारपासून काय करायचं?” शेवटी एलोइझानं विचारलं. भांडण संपलेल्या आवाजात.

“तेका इथे राहणार नाही,” जुसारा म्हणाली. “आणि ह्याही एकट्या राहणार नाहीत. पुढचं मला माहीत नाही. मी बाईंना फोन करते.”

तिनं तिथेच, सगळ्यांसमोर, मुख्याध्यापिकेला फोन लावला. महिनाभर बिनपगारी रजा हवी, म्हणाली. पलीकडून कारण विचारलं. घरी आजारी माणूस आहे, असं तिनं सांगितलं. तो शब्द या घरात मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारला गेला, आणि उच्चारताना तिनं सासूकडे पाहिलं. दोना दाल्वांनी मान हलवली. पलीकडून बघते म्हणाल्या, शिक्षक मिळत नाहीत म्हणाल्या, दुपारी कळवते म्हणाल्या.

जुसारा फोनवर बोलत असताना तेका कडेवरून निसटू पाहत होती, आजीकडे हात करून ‘वोवो, वोवो’ करत होती. दोना दाल्वांनी हात पुढे केले. मग तसेच अर्ध्यावर थांबवले आणि मागे घेतले.

“घ्या,” जुसारा म्हणाली.

“देतेस?”

“मी आहे इथेच.”

दोना दाल्वांनी नातीला घेतलं, खिडकीपाशी नेलं, आणि डोंगर दाखवायला लागल्या. जुसारा फोन हातात धरून त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी राहिली. मुरिलो तिच्याशी काहीतरी बोलत होता, बहुतेक माफी मागत होता. तिनं त्याला हातानं थांब म्हटलं. नजर मात्र तिनं पोरीवरून काढली नाही.